उतारा

जाड मुळाचा गाभाही जाडच असणार, असं मैत्रेयी मॅडमनी तपासण्याआधीच वहीत ठोकून दिलं होतं. यवतमाळच्या कॉलेजात मॅडम झाडांची जाड-बारीक मुळं कापून सूक्ष्मदर्शकाखाली बघत. जाड मुळात फुगलेली निघाली ती नुसती साल. पाणी वाहणारा गाभा जवळपास बारीक मुळाएवढाच.

शिपाई शब्बीरभाईंनी सूक्ष्मदर्शकात डोकावलं. कापसाच्या मंदीत दिग्रसचं सरकी-रुई वेगळी करणारं जिनिंग बंद पडल्यावर ते इथे लागले होते.

"मॅडम, याले उतारा नाही."

"म्हणजे?"

"जिनात असा कापूस ये ना, बोंड मोठ्ठं, पण सरकीच जास्त, रुई कमी. बियाण्याच्या पाकिटावर बोंडाचाच फोटो राह्यते ना!"

मॅडमनी वहीतलं वाक्य खोडलं.

पुढच्या हंगामात बियाण्याच्या पाकिटावर मात्र तेच मोठ्ठं बोंड होतं.