अँटवर्पचा पाळणा

लॉर्ड आर्डकॅरिगनी तान्ह्या फिन्टनचं कौतुक केलं आणि पुढचे शब्द म्हटलेच नाहीत. त्याच्या आईच्या, गोबनेटच्या हातातलं फडकं जागच्या जागी थांबलं.

ती लांब दालनात चित्रांच्या चौकटी पुसत होती. नवरा लिव्हरपूलच्या गोदीवर, घरी बघायला कुणी नाही, म्हणून पोर टोपलीत घालून खिडकीपाशी ठेवलेलं. लॉर्डसाहेब वाकले. चित्र पारखताना करायचे तसा एक डोळा त्यांनी बारीक केला. "काय रंग आहे गालांचा! इतका सुंदर गुलाबी माझ्या एकाही चित्रात नाही." एवढं बोलून काठी टेकत निघूनही गेले.

गोबनेटच्या गावात दारात आलेला भिकारीसुद्धा अशा वेळी 'देव त्याचं भलं करो' म्हणून वाक्य पुरं करतो. अर्धवट सोडलेलं कौतुक म्हणजे उघडं टाकलेलं दार. पोरं उचलून न्यायला बाहेर कान लावून बसलेल्या अदृश्यांना तेवढं पुरतं.

"त्यांना कोण शिकवणार?" स्वयंपाकघरात मिसेस टॅन्सी कणीक आपटत म्हणाल्या. या घरात त्यांचे केस पिकले होते. "दाई इंग्लंडची, शाळा इंग्लंडची. जीभ अर्धीच वाढली."

"आता जाऊन म्हणायला लावू?"

"ते त्याच दमात म्हणायचं असतं, बये. आता त्यांच्या कोटाचा तुकडा हवा. अंगात असताना कापलेला. तो जाळून पोराला धूर दे. आणि माझं नाव घेतलंस तर बघ!"

लॉर्डच्या अंगावरचा कोट कापायचा! नोकरी तर जाईलच, वर तुरुंग. गोबनेट दोन दिवस थांबली.

तिसऱ्या दिवशी फिन्टन दूध ओढेना. तिची छाती दगडासारखी झाली, आणि पोराच्या गालांवरचा रंग धुतल्यासारखा उतरला.

दालनात अँटवर्पहून आणलेलं एक चित्र होतं. निळी शाल घेतलेली बाई, तिचा हात पाळण्याच्या काठावर, आणि पाळणा रिकामा. आतला पेंढा काडी काडी दिसायचा. साहेबांची दोन महिन्यांची मुलगी लेटी गेली त्या वर्षी त्यांनी ते विकत घेतलं होतं. रोज तासभर त्याच्यासमोर बसायचे.

फिन्टननं दूध सोडलं त्या दिवशी पेंढ्यावर अंगठ्याएवढा गुलाबी ठिपका होता. दुसऱ्या सकाळी त्या ठिपक्याला हनुवटी आली होती.

गोबनेटनं फिन्टनला शालीत बांधलं, एप्रनच्या खिशात कात्री टाकली आणि वर गेली. भर सकाळचं ऊन दालनात आलं होतं. साहेब चित्राला नाक लावून उभे.

"तुलाही दिसतंय का गं?" त्यांनी मागे न बघता विचारलं.

"दिसतंय, साहेब."

"वीस वर्षं रिकामा होता. माझ्या लेटीची हनुवटी अशीच होती."

"ती माझ्या फिन्टनची आहे." असं ती या घरात कधी बोलली नव्हती.

"मी नुसतं सुंदर म्हटलं."

"तुम्ही सुंदर म्हणता ते सगळं तुमच्या भिंतीवर येतं, साहेब."

शालीतला श्वास मांजरीच्या पिल्लाहून हलका झाला होता. गोबनेट खाली बसली आणि तिनं कोटाचं टोक धरलं. लोकरीत कात्री चालल्याचा आवाज त्या दालनात केवढा तरी झाला. साहेबांनी दोन्ही हातांनी चौकट गच्च धरली. पण कोट ओढून घेतला नाही.

"लवकर कर," ते म्हणाले. "माझं मन फिरेल."

तिनं तुकडा तिथल्याच शेकोटीत टाकला आणि पोर धुरावर धरलं. फिन्टन शिंकला. मग त्यानं असं काही भोकाड पसरलं की खिडक्यांच्या काचा थरथरल्या. ती तिथेच चित्राखाली भिंतीला टेकून त्याला पाजायला बसली. साहेबांनी पाठ वळवली नाही, कारण त्यांना पाळण्यावरून नजर काढवत नव्हती. गुलाबी रंग पेंढ्यात जिरत चालला होता.

तो कोट त्यांनी शेवटपर्यंत वापरला, रफू करू दिला नाही. कशालाही पुन्हा सुंदर म्हटलं नाही.

फिन्टन मात्र त्यानंतर स्वयंपाकघरातच राहिला. कारण चित्रातल्या बाईचा हात आता पाळण्याच्या काठावर नव्हता. तो बाहेर आला होता, तळवा वर करून, काहीतरी मागितल्यासारखा.

ती चौकट गोबनेट सगळ्यात शेवटी पुसायची. "सुंदर आहेस गं, बाई. देव तुझं भलं करो," असं एका दमात म्हणायची. आणि तिच्याकडे पाठ न करता, उलट्या पावलांनी दारापर्यंत जायची.