तिसरा पोचा

आयोवातून निघताना माझ्या बायकोनं, मार्लिसनं, एकच अट घातली होती. गाडीला तिसरा पोचा आला, की जिथं असू तिथं गाडी विकायची आणि विमानानं घरी यायचं. पहिला पोचा आयोवातच आला, आमच्याच फाटकाला लागून. दुसरा न्यू मेक्सिकोत, एका पेट्रोलपंपाच्या छपरापायी. ते छप्पर आमच्या बाजूनं जरा खाली आलेलं होतं, असं माझं मत आहे. मार्लिसचं नाही.

मी एकोणतीस वर्षं विम्याच्या कामात लोकांच्या मोटारींचे पोचे तपासले. चूक कोणाची हे ठरवायचं आमचं साधं सूत्र होतं: उभ्या वस्तूची चूक नसते. हे सूत्र मी घरी बोलून दाखवायला नको होतं.

गाडीचं नाव हेन्रिएटा. बत्तीस फूट लांब. पलंग, शेगडी, न्हाणी, सगळं पोटात घेऊन चालणारी. तिच्यात बसून पॅसिफिकपर्यंत जायचं आणि सकाळची कॉफी समुद्राकडे तोंड करून प्यायची, एवढंच मला आयुष्याकडून हवं होतं. आयुष्याची तयारी होती. अडचण गाडी मागे घेण्याची होती.

बायकोनं मागे उभं राहून हातवारे करायचे आणि नवऱ्यानं आरशात बघून गाडी मागे घ्यायची, ही घरगाडीवाल्यांची जुनी पद्धत. आम्ही ती कॅन्ससमध्ये सोडली, कारण मार्लिस 'ये' आणि 'थांब' हे दोन्ही हात वर करूनच सांगते. मग वॉकीटॉकी घेतले.

वाटेवर वाळवंटात उल्केनं केलेलं एक प्रसिद्ध विवर आहे; त्याच्या अलीकडच्या घरगाड्यांच्या तळावर आम्ही दुपारी चारला पोचलो. मी गिअर मागे टाकताच आजूबाजूच्या गाड्यांतून लोक घडीच्या खुर्च्या आणि बिअर घेऊन बाहेर आले. कोणी गाडी लावायला लागलं की हे होतंच. त्यात दुष्टपणा नसतो. वाळवंटात टीव्ही नीट लागत नाही.

वॉकीटॉकी खरखरला. "ये राजा, ये."

मी दचकलो. बत्तीस वर्षांच्या संसारात मार्लिसनं मला राजा म्हटलेलं नव्हतं. एकदा 'राजेसाहेब, कचरा कोण नेणार?' असं म्हणाली होती, पण ते वेगळं. मला वाटलं, हिला वाळवंटाची हवा मानवली.

"अजून ये. भरपूर जागा आहे. घाबरतोस काय, वाघ ना तू माझा?"

असं बोलावल्यावर कोण थांबेल? मी गेलो. धाडकन आवाज झाला. खुर्च्यांमधून कोणीतरी "अरेरे" म्हणालं, पण मनापासून नाही.

वीज-पाण्याचा खांब सरळ उभा होता. हेन्रिएटाच्या पाठीला परातीएवढा पोचा. मार्लिस वॉकीटॉकी तोंडाशी धरून उभी.

"थांब, थांब, थांब! किती वेळा सांगायचं?"

"तू ये म्हणालीस!"

"मी?"

"राजा पण म्हणालीस. वाघ म्हणालीस."

तिनं माझ्याकडे नीट बघितलं. "वेंडेल, उन्हात टोपी घालत जा," असं म्हणाली, मग शांतपणे "तिसरा" म्हणाली, आणि आत जाऊन जवळच्या फ्लॅगस्टाफ गावातल्या एका जुन्या गाड्यांच्या व्यापाऱ्याला फोन लावला. दुसऱ्या दिवशी दुपारी दोनची वेळ मिळाली.

संध्याकाळी रस्त्यापलीकडच्या रांगेतली ओपल नवऱ्यासोबत सांत्वनाला मक्याचा पाव घेऊन आली. ती आणि तिचा नवरा डब टेक्सासचे. डब सहा फूट चार इंच, पूर्वी बैल पाळायचा.

"अहो, तुमचं काहीच नाही," ओपल म्हणाली. "हा आज रस्त्याच्या मधोमध गाडी घेऊन बसला. मी घसा फोडून बोलावतेय, पण हा हलायलाच तयार नाही. विचारलं, तर म्हणे भीती वाटली."

डबनं पाव कापायला घेतला.

विवर तेवढं बघून घेऊ, मग फ्लॅगस्टाफ, असं ठरलं. सकाळी त्यांच्या घरगाडीमागे जोडून आणलेल्या छोट्या मोटारीतून चौघं गेलो. काठावर पाय ठेवताच वाऱ्यानं माझी टोपी नेली. मार्लिसच्या सल्ल्याचा तिथंच निकाल लागला. खाली पाऊण मैल रुंदीची वाटी. पन्नास हजार वर्षांपूर्वी आकाशातून लोखंडाचा गोळा आला आणि थांबला नाही. मी सवयीनं पाहणी केली. चालत्या वस्तूनं उभ्या वस्तूला दिलेली धडक. साक्षीदार नाही. चूक उघड होती.

"बघ," मी मार्लिसला म्हणालो, "हाही पोचाच. लोक तिकीट काढून बघतात."

"त्याला थांब म्हणायला मागे कोणी नव्हतं. तुला होतं."

मी समुद्राचा विचार सोडून दिला आणि कठड्याजवळ जाऊन उभा राहिलो. ओपलनं फोटोसाठी डबला माझ्या शेजारी उभं केलं. मग फोन डोळ्यांसमोर धरून म्हणाली,

"ये राजा, मागे ये. भरपूर जागा आहे."

आणि मी मागे गेलो. डब नाही, मी. माझी पाठ दुर्बिणीच्या खांबावर आदळली.

"थांब! थांब म्हणते ना, गाढवा!" मार्लिस किंचाळली.

मी थांबलोच होतो. पण डब दोन्ही हात वर करून दगडासारखा गोठला होता.

"हीच ती बाई!" तो कुजबुजला. "काल वॉकीटॉकीवर मला गाढव म्हणाली ती!"

मग उलगडा झाला. दोन्ही गाड्या एकाच वेळी मागे येत होत्या आणि दोन्ही वॉकीटॉकी एकाच चॅनेलवर होते. ओपल समोरच्या रांगेत माझ्या नाकासमोर उभी होती, मार्लिस डबच्या; आपापली बायको मात्र गाडीच्या पत्र्याआड. ज्याला जी समोर, त्याच्या वॉकीटॉकीवर तिचाच आवाज आला. डबसारखा बैलवाला माणूस माझ्या बायकोला घाबरून रस्त्यात बसला होता, याचा मला थोडा अभिमान वाटला.

मार्लिस हसली नाही. "म्हणजे परक्या बाईनं राजा म्हटलं, आणि तू बत्तीस फूट गाडी घेऊन गेलास."

"मला वाटलं तू आहेस."

"तरी थांबला नाहीस?"

"म्हणून तर थांबलो नाही."

तिनं कठड्यावरून वाकून विवरात बघितलं. तळाशी बघण्यासारखं फार नाही. मग तिनं फोन काढला आणि व्यापाऱ्याला कळवलं की दोनची वेळ रद्द करा, तिसरा पोचा आमचा नाही.

"लावा माझ्या नावावर," ओपल म्हणाली. "चार पोचे आधीच आहेत, हा पाचवा."

दोन दिवसांनी कॅलिफोर्नियातला तळ. चॅनेल बदललेलं. मागे खांब, खुर्च्या बाहेर, बिअर उघडलेली. मी गिअर मागे टाकला. वॉकीटॉकी खरखरला आणि गप्प झाला. मग अगदी हळू आवाजात,

"ये... राजा."

मी करकचून ब्रेक दाबला.

"कोण बोलतंय?"

"ये रे गाढवा!"

मी निर्धास्त मागे आलो.