पाटीवरची हळद

हरेशचं नवं वाद्य म्हणजे पांढऱ्या मऊ रबराची पाटी. बोट दाबलं की सूर फुगायचा, सरकवलं की सूरही सरकायचा. असलं काही गोखिवऱ्यात कुणी पाहिलं नव्हतं आणि हरेशला मिरवायची हौस दांडगी. बहिणीच्या हळदीला त्याने पाटी थेट मांडवातच मांडली.

नवरीला हळद लावताना धवळा म्हणायचा तो कमळीआत्यानेच, अशी घरची रीत. गाणं संपवून आत्या आली ती मनगटापर्यंत पिवळी. पाटीवर वाकून तिने लहान मुलीसारखं बोट पुढे केलं.

"हरेश, बोटानी पन गातंय काय रं ह्ये?"

"आत्या, हात नको लावू! डाग पडला तर जाणार नाही."

आत्याने दोन्ही हात पाठीमागे घेतले. "बरं बाबा," म्हणून हसली आणि बायकांत जाऊन बसली. दिवाळीआधीच ती वारली.

आज हरेशची स्वतःची हळद. धवळा म्हणणारं कुणी उरलं नव्हतं, तेव्हा बायका म्हणाल्या, "तूच वाजव." पिवळ्या हातांनीच त्याने पाटी मांडीवर घेतली. चाल तोंडपाठ होती. पण आत्या जिथे सूर हळूच खाली घसरवायची, तिथे किती दाबायचं नि कुठवर सरकवायचं, हे बोटाला काही केल्या उमगेना. तो पुन्हा पुन्हा बोट घासत राहिला.

पाटीभर पिवळे डाग पडले. त्यातला एकही आत्याचा नव्हता.