उजवीकडची रेघ

“तिथंच थांब, मटिल्डा. कॉइलजवळ येऊ नको, भाजशील,” फ्रेडरिक मान न वळवता म्हणाला.

मटिल्डा खोपीच्या दारातच थांबली. पूर्वी या खोपीत वाडीचा पंप होता. आता तिथं निळं पिंप होतं, त्यावर फ्रेडरिकनं हातानं गुंडाळलेली तांब्याची तार होती, आणि पिंपाच्या आत फिरणारी दुसरी छोटी गुंडाळी. ती फिरवायला त्यानं लाकडी दांडी बसवली होती. दांडी इकडची तिकडे झाली की समोरच्या मीटरचा काटा पडायचा. फ्रेडरिक त्या काट्याकडे असा बघत होता, जसा पेशंटचा नातेवाईक डॉक्टरच्या तोंडाकडे बघतो.

“रीमाचा फोन आहे. तिसऱ्यांदा आलाय,” मटिल्डा म्हणाली.

“दोन मिनिटं थांबायला सांग.”

“तिच्या बापाकडे दोन मिनिटं आहेत का, ते आधी इचारा.”

फ्रेडरिकनं दांडी सोडली. काटा घसरला, आणि तो फोन घ्यायला दाराशी आला.

रीमा वेंगुर्ल्याहून बोलत होती. फ्रेडरिकच्या जुन्या मित्राची, रामनाथची, ही एकुलती एक मुलगी. तिचा आवाज रडून रडून कोरडा झाला होता. “फ्रेडीकाका, डॉक्टर येऊन गेले. आज किंवा उद्या, म्हणाले. सकाळपासून डोळे नीट उघडले नाहीत बाबांनी. मी फोन कानाला लावते, तुम्ही बोला त्यांच्याशी.”

“फोनवर नको, रीमा. पाठवतोय मी. आज पोचेल.”

“काका, तीन वर्षं तुम्ही हेच म्हणताय!”

तिचं खोटं नव्हतं. फ्रेडरिकनं कपाळाचा घाम पुसला.

गोखिवऱ्याच्या एका लहानशा कारखान्यात फ्रेडरिक आणि रामनाथ यांनी मिळून जन्म काढला होता. तिथं ट्रान्सफॉर्मर बनायचे. वटार गावचा फ्रेडरिक वाइंडर, म्हणजे तारेचे वेढे घालणारा, आणि खाडीकाठच्या शेतकऱ्याचा रामनाथ टेस्टिंगला. फ्रेडरिकनं बांधायचं आणि रामनाथनं तपासायचं. रामनाथनं तपासल्याशिवाय फ्रेडरिकच्या हातची एक वस्तू कधी फाटकाबाहेर गेली नाही. डब्यात ईस्टरआधीच्या उपासकाळात फ्रेडरिककडे मटण नसायचं आणि श्रावणात रामनाथकडे नसायचं, एवढाच काय तो दोघांतला फरक. रेडिओचं वेडही दोघांना एकदमच लागलं. हौशी बिनतारीची परीक्षा एकत्र दिली, लायसन्सं एकत्र काढली. वटारात या उद्योगाला कुणी नावं ठेवली नाहीत, कारण वटारात घरटी एक वेडा पोसलेलाच असतो. कुणी ब्रास बँडचा, कुणी बैलगाडीच्या शर्यतीचा.

निवृत्तीनंतर रामनाथ लेकीकडे गेला. जाताना दोघांनी ठरवलं, फोन आहेतच जगाला, आपण आपल्या हातानं बोलायचं. आकाशवाणी जिथं सुरू होते त्याच्याही खालच्या लांब लहरींवर. त्या लहरी जमिनीला आणि समुद्राला चिकटून चालतात, भरदिवसाही. पण वाडीत मावेल एवढ्या तारेतून त्यांचा जोर मुंगीएवढाच निघतो. म्हणून संदेश अगदी संथ पाठवायचा. तेरा अक्षरांना अख्खा अर्धा तास. समोरचा संगणक तो अर्धा तास थेंब थेंब गोळा करतो आणि शेवटी एकदम अक्षरं छापतो. मधे क्षणभर चूक झाली, तर सगळं पाण्यात. आणि पाठवणाऱ्याची फ्रिक्वेन्सी ठरल्या जागी हवी. ऐकणारा खिडकीच्या फटीएवढ्याच जागेत कान लावून बसलेला असतो.

“बाहेरच्या कशाशी ताडून बघितलंस ना?” रामनाथनं तेव्हा विचारलं होतं.

“एक केसभर इकडंतिकडं नाही,” फ्रेडरिक म्हणाला होता.

“मंग झालं. तुजा पयला निरोप आला का मी मरायला मोकला,” असं म्हणून रामनाथ हसला होता. तेव्हा त्याला आवाज होता. पुढच्याच वर्षी घशाच्या कॅन्सरमध्ये तो कापून काढला. त्यानंतर फोनवर फ्रेडरिक एकटाच बोलायचा आणि पलीकडून रामनाथ बोटानं टकटक करायचा. फ्रेडरिकला ते सहन व्हायचं नाही. फोन ठेवल्यावर तो खोपीत येऊन बसायचा आणि संदेश सोडायचा. रोज दुपारी, एक अर्धा तास सोडून एक. रोज संध्याकाळी रीमाचा मेसेज यायचा, आज पण काही नाही.

त्यानं तार आणखी दोन माडांवर चढवली. बावखलात, म्हणजे वाडीतल्या तळ्यात, तांब्याचे पत्रे बुडवून अर्थिंग वाढवलं. वेढे सोडवून नव्यानं घातले. काटा वाढत गेला, वेंगुर्ल्याला काहीच पोचलं नाही. एवढा साधा निरोप, आणि तोही त्याला पोचवता येत नव्हता. कधीकधी बावखलाच्या पायरीवर बसून तो एकटाच रडायचा, आणि मटिल्डा दिसली की डोळ्यांत काहीतरी गेल्याचं सांगायचा.

“रीमा,” तो आता म्हणाला, “कॉम्प्युटर चालू आहे ना त्याच्याजवळ?”

“आहे. उशाशीच आहे. काल इशारा करून मॉनिटर जवळ ओढायला लावला. सगळं तुमच्यासाठीच चाललंय, काका. फ्रीजसुद्धा बंद आहे.”

“फ्रीज कशाला?”

“दुपारी बंदच असतो आमचा. पडद्यावर ती रेघ येते ना. आवाज होता तेव्हा बाबा म्हणायचे, फ्रीजच्या विजेचा कचरा आहे, त्यानं फ्रेडी दिसत नाही. मग पंखे बंद केले. इन्व्हर्टर काढून दुसरा आणला. दोन उन्हाळे आम्ही उकाड्यात बसलो. परवा मासे नासले म्हणून मी बाबांवर ओरडले.” तिला हुंदका आला. “एवढं करून ती मेली रेघ काही जात नाही.”

फ्रेडरिकनं फोन कानाशी दाबला. “कुठं येते ती?”

“दोन हिरव्या खुणांच्या मध्ये तुम्ही येणार ना? ती बाहेर येते, उजवीकडे. बारीक, सरळ.”

“सारखी असते?”

“नाही. अर्धा तास येते, मग जाते. पुन्हा येते.”

खोपीत ट्रान्समीटरचा पंखा घरघरत होता. फ्रेडरिकनं हात लांब केला आणि बटण बंद केलं.

“रीमा, बघत राहा आणि सांग.”

बराच वेळ फक्त तिचा श्वास ऐकू येत होता. पडद्यावरचं चित्र हळूहळू खाली सरकत असणार. मटिल्डा दाराशी उभी होती, तिला काही कळत नव्हतं, पण नवऱ्याचं तोंड पांढरं पडलेलं तिला दिसत होतं.

“गेली,” रीमा म्हणाली. “काका, गेली ती!”

त्यानं बटण चालू केलं. पुन्हा तेवढाच वेळ गेला.

“आली.”

फ्रेडरिकनं वळून आपल्या रिसीव्हरकडे बघितलं.

त्याला सगळं एका क्षणात दिसलं. जुन्या भंगारातून फ्रिक्वेन्सी ठरवणारा एक क्रिस्टल त्यानं काढला होता, आणि त्याच एका क्रिस्टलवर आपला ट्रान्समीटर आणि आपला रिसीव्हर, दोन्ही चालवले होते. दोघांना एकच घड्याळ, म्हणजे भांडण नको, असं त्यानं मोठ्या फुशारकीनं सांगितलंही होतं. ज्या गजानं कापड कापलं त्याच गजानं ते मोजलं, तर कमी कसं भरणार? क्रिस्टल सरकलेला होता. ट्रान्समीटर जेवढा चुकत होता, रिसीव्हरही तेवढाच चुकत होता, आणि फ्रेडरिकला आपला संदेश रोज बरोब्बर मधोमध दिसत होता. आयुष्यभर त्याचं काम दुसऱ्यानं तपासलं. हे एक काम त्यानं स्वतःच केलं आणि स्वतःच पास केलं.

आणि रामनाथ! सगळ्या जगाच्या वस्तूंकडे संशयानं बघणारा टेस्टर. त्यानं खुणा थोड्या रुंद केल्या असत्या तरी पहिल्याच दिवशी अक्षरं छापली गेली असती. त्यानं केल्या नाहीत. फ्रेडी केसभर चुकत नाही म्हणाला, म्हणजे नाहीच. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तसं झालं होतं. तीन वर्षं फ्रेडरिक रोज त्याच्या घरी जात होता आणि रामनाथ स्वतःच्या घरातला कचरा समजून त्याला हाकलत होता.

“तो मीच आहे, रीमा,” फ्रेडरिक म्हणाला. “ती रेघ म्हणजे मी आहे, माझे बाय.”

रीमा हळूच म्हणाली, “मी काय करू?”

“माउस त्या रेघेवर ठेव. खाली आकडा येईल. दोन खुणांच्या मध्यापासून किती पुढे आहे?”

“एकतीस.”

एकतीस हर्ट्झ. फ्रेडरिकनं तेवढे कमी केले. संदेशाच्या चौकटीत रोजचीच अक्षरं होती, राम मी फ्रेडी, इंग्रजी लिपीत बारीक जागेत बसवलेली. अर्ध्या तासाचा ठोका पडला तसा त्यानं संदेश सोडला आणि दांडी धरली.

वाऱ्यानं माड हलत होते. माड हलला की तार हलायची, तार हलली की काटा पडायचा, आणि फ्रेडरिक दांडी नखभर फिरवून तो परत वर आणायचा. त्याच्या मनगटाला रग लागली. उभ्या आयुष्यात त्यानं देवाकडे स्वतःसाठी फारसं मागितलं नव्हतं. आता तो अधाशासारखा मागत होता. लाइट जाऊ देऊ नको. माड हलवू नको. एवढा अर्धा तास त्याला ठेव. मटिल्डाला चर्चमध्ये क्रुसाच्या वाटेच्या प्रार्थनेला जायचं होतं, ती गेली नाही. ती पायरीवर बसली आणि रोझरीचे मणी ओढू लागली.

शेवटी पंखा मंदावला. संदेश संपला होता. फ्रेडरिक फोन कानाला लावून उभा राहिला. पलीकडे रीमा ओरडली.

“आलं! काका, छापून आलं! राम… मी… फ्रेडी! नीट आलंय सगळं!”

“त्याला दाखव. दाखव लवकर.”

“डोळे मिटलेत त्यांचे. मी वाचते कानात.” ती दूर गेली. “बाबा, फ्रेडीकाका आले. बाबा, ती रेघ त्यांची होती. बघा ना, बाबा.” तिनं दोनदा वाचलं, तीनदा वाचलं. मग ती परत फोनवर आली.

“काही केलं का त्यानं?” फ्रेडरिकनं विचारलं. “हात हलवला?”

रीमा थांबली. जरा जास्तच थांबली.

“हो, काका,” ती म्हणाली. “हलवला.”

ती खोटं बोलत होती, आणि फ्रेडरिकला ते कळलं. तिनं ते त्याच्यासाठी केलं होतं, म्हणून त्यानं ते घेतलं. “बरं झालं,” तो म्हणाला. “देव तुझं भलं करो.”

मटिल्डा उठून आत आली. “द्या इकडं तो फोन,” ती म्हणाली. “तुम्हाला बोलता येत नसेल तर मी बोलते. रीमा, लाव गं त्यांच्या कानाला.”

फ्रेडरिकनं फोन दिला आणि पुन्हा संगणकासमोर बसला. पुढचा अर्धा तास मोकळा सोडायचा असतो, पण आज त्याला थांबवेना. संदेशाची चौकट त्यानं रिकामी केली. काय काय सांगायचं होतं! फ्रीजमध्ये काही बिघाड नव्हता. रीमावर रागावू नको. तू खुणा रुंद का केल्या नाहीस रे, गाढवा? माझ्यावर इतका भरवसा कुणी ठेवायला सांगितला होता तुला? तेरा अक्षरांत त्यातलं काहीच मावत नव्हतं. त्यानं बरंच लिहिलं आणि पुसलं. शेवटी, चूक माझी, एवढंच लिहिलं आणि सोडलं.

“रामनाथभाऊ, मी मटिल्डा,” पाठीमागून मटिल्डाचा आवाज येत होता. ती शेजारणीशी कुंपणावरून बोलावं तशी बोलत होती. “यंदा केळी बरी आलीत. आपल्या शेजारच्या जॅक्सनला पोरगी झाली, तुम्हाला कळलं का? तुमच्यासारखंच मोठं नाक आहे म्हणे, आता ते कुठून आलं देव जाणे. हे इथं खोपीतच आहेत, दांडी धरून. जेवले नाहीत अजून. तुम्ही असता तर दोन शिव्या घालून जेवायला बसवलं असतं. ऐकताय ना, भाऊ?”

फ्रेडरिक काट्याकडे बघत होता. काटा स्थिर होता. इतका चांगला तो कधीच उभा राहिला नव्हता.

मटिल्डा बोलायची थांबली. तिनं फोन कानाशी घट्ट धरला. पलीकडून आलेला रीमाचा आवाज फ्रेडरिकलाही ऐकू आला. त्या आवाजात शब्द नव्हते.

मटिल्डानं फोन छातीशी धरला आणि कपाळावर क्रुसाची खूण केली. “अहो,” ती म्हणाली. “गेले ते. बंद करा आता.”

फ्रेडरिकनं नकारार्थी मान हलवली. संदेश अर्ध्यावर आला होता. त्याचे डोळे वाहत होते आणि काटा त्याला धूसर दिसत होता, तेव्हा मटिल्डा त्याच्याजवळ येऊन उभी राहिली.

“जरा पडला बघा,” ती काट्याकडे बघून म्हणाली.

त्यानं दांडी नखभर फिरवली आणि तशीच धरून ठेवली.