गोड भाजीची सोयरीक

पोरगी हॉटेलात दाखवायची, ही अक्कल माझी. अजिनाथ, माझा धाकटा भाऊ, लई कुरकुरला. म्हणला, "आक्का, लोक काय म्हणतील?"

मी म्हणलं, "लोक जेवून जातील. पाव्हणे घरी बोलावले तर शिरा करावा लागंल. दोन्हीकडच्यांनी गोडाचा घास घेतला की आपल्यात सोयरीक पक्की. मग न्हाई म्हणायला तुझी जीभ रेटंल का?"

त्याची जीभ जन्मात कुणापुढं रेटली न्हाई.

वनिता, त्याची पोरगी, अंबाजोगाईला रक्त तपासायच्या लॅबमधी कामाला हाय. तिनं मला बजावलं व्हतं, "आत्या, पोराशी धड बोलल्याबिगर मी हो म्हणणार न्हाई. मला आठ दिस इचार करू दे. तू संभाळ." मी शब्द दिला.

घाटनांदूरच्या रस्त्याला नवं फॅमिली हॉटेल झालंय. दारात प्लास्टिकचं नारळाचं झाड. सोन्यासारखी माती सोडून ह्यांना प्लास्टिकचं झाड पायजे! मधी पाव्हणे आधीच पाय पसरून बसलेले. पोराचा बाप सर्जेराव, धारूरकडचा, ऊसतोडीच्या टोळ्या नेणारा मुकादम. टोळीतल्या माणसाला कोण कवा इचारतं? गाडीत बसवलं की झालं. तीच खोड इथंबी. पोरगा हनुमान मोबाईलात मुंडकं घालून बसलेला. संगं दोन माणसं, सर्जेराव हसला की हसायला आणलेली.

सर्जेरावनं मेनूचं पुस्तक कुणाला हातबी लावू दिला न्हाई. स्वतःच मोठ्यानं वाचायला लागला, "पनीर अंगारा, पनीर तुफानी, व्हेज मराठा, काजू मसाला..."

मी वेटरला इचारलं, "ह्यात फरक काय रे बाबा?"

"अंगाऱ्याला धुरी देतेत, मावशी. तुफानीवर चीज किसतेत."

"आन रस्सा?"

"रस्सा एकच हाय."

घ्या! नावं सतरा आन खाली पातेलं एक. खाणारे पुन्हा बोटं चाटत गावात सांगणार, तुफानी खाल्लं म्हणून.

मी म्हणलं, "पाव्हणं, तिखटच सांगा बरं का. गोडाधोडाचं नंतर बघू."

वनिता म्हणली, "मला शेवभाजी."

"शेवभाजी?" सर्जेराव हसला, तशी ती दोघंबी हसली. "ती ढाब्यावर ड्रायव्हर खातेत. आमच्या घरात यायचं तर तोंडाला चव पायजे. ए, नवरत्न कोर्मा आण."

पोरगीला इचारलं न्हाई, पुसलं न्हाई. हनुमाननं मान वर केली न्हाई.

कोर्मा आला. पांढरा फटक, वर लाल चेरी. मला वाटलं, आसंल काहीतरी पांढऱ्या रश्शाचं. सगळ्यांनी वाढून घेतलं. मी घास घेतला आन जागीच थिजले. साखर! अननसाच्या फोडी! अगं बाई, ही भाजी का बासुंदी? वनिताकडं बघितलं, तिचाबी घास गेलेला. अजिनाथ तर दुसरी चपाती मोडत व्हता.

सर्जेरावनं हात पुसले. "झालं! दोन्हीकडच्यांनी गोड खाल्लं. अजिनाथराव, सोयरीक पक्की. पोरगी कामं-बिमं सोडंल, आता तारीख काढा."

"भाजी हाय ती, पाव्हणं!" मी ओरडले. "भाजीनं कुठं सोयरीक होती?"

"गोड ते गोड, आक्का. रीत तुमची न आमची एकच हाय. रीत मोडता का?"

माझीच रीत माझ्याच गळ्यात. आन अजिनाथ! त्यानं हात जोडले की! वनिताकडं बघून हळूच म्हणला, "पोरी, आता गोड झालंच हाय तर..."

मला असा संताप आला म्हणता! माझ्या येळेला पेढा व्हता. सासऱ्यानं तोंडात कोंबला आन मी मुकाट गिळला. आजबी मी पेढा तोंडाला लावत न्हाई.

मधल्या ताटलीत कांदा-लिंबू व्हतं, संगं तळलेल्या हिरव्या मिरच्या. वनितानं एक मिरची उचलली, देठापातूर चावून खाल्ली. मग दुसरी. डोळ्यांत पाणी आलं, नाक लाल झालं, पण थांबली न्हाई.

"काका," ती म्हणली, "गोडानं पक्की होती तर तिखटानं मोडती. माझं तोंड तिखट झालं."

सर्जेराव ताडकन उठला. "पोरीला आवरा, अजिनाथराव! हा काय पोरखेळ हाय?"

हनुमाननं पैल्यांदा मुंडकं वर काढलं. बापाकडं बघितलं, वनिताकडं न्हाई. घ्या, म्हणे ह्याच्याशी बोलून मग आठ दिस इचार करायचा व्हता!

मी एक मिरची चावली आन ताटली भावाच्या पुढं सरकवली. त्याला पित्त हाय, तिखटाच्या नावानं छातीत जळजळतं. तो ताटलीकडं बघत बसला. सर्जेराव वरून म्हणत व्हता, "बोला, अजिनाथराव. तारीख कवाची धरायची?"

अजिनाथनं वनिताकडं बघितलं, सगळ्यात मोठी मिरची निवडली आन चावत बसला.