वीरभद्राच्या खड्गावरची चांदीची पट्टी

अडुसष्ट सालची गोष्ट. शिवाजी पेठेत चमन शिकलगार विळ्या-कात्र्यांना धार लावून पोट भरायचा. तलवार हातात यायची ती वर्षाकाठी एखादी. म्हणून लाल फडक्यात गुंडाळलेलं खड्ग समोर आलं, तेव्हा त्यानं आधी हात धुतले.

खड्ग आणलं होतं रुद्राप्पानं. हुपरीच्या पलीकडल्या गावचा तो पुरवंत. वीरभद्राच्या जत्रेत पालखीपुढं खड्ग घेऊन नाचायचा मान त्याच्या घराण्याचा.

"चमनभाई, ह्याच्यावर नको ते मंतर चढल्यात. तेवढं उतरवा. देवाचं हाय ते ऱ्हाऊ द्या."

"पावणं, मी गंज उतरवतो. मंतर न्हाय."

"गेल्या जत्रंत नाचताना हातातनं निसटलं की." रुद्राप्पानं धोतर वर करून पोटरीवरचा व्रण दाखवला.

खड्गाच्या मुठीला लोकांनी बांधलेले नवसाचे दोरे होते, ताईत होते, एक काळी बाहुली होती. आणि पात्यावर, पार टोकाजवळ, चांदीची जाड पट्टी तीन रिबिटांनी ठोकलेली. तिच्यावर बारीक अक्षरं. चमननं खड्ग हातात धरून मनगट फिरवलं. दुसऱ्याच फेऱ्याला ते ओढ घ्यायला लागलं.

"ह्या पट्टीचं वजन भलत्या जागी हाय. निसटणार न्हाय तर काय हुईल? कुणी ठोकली?"

रुद्राप्पानं धोतर खाली सोडलं.

"मीच. थोरला भाऊ बसलिंगाप्पा मान मागत हुता. त्याचाच हक्क. दुसऱ्याच्या हातात खड्ग ठरू नये म्हणून मंतर लिहून घेतला. चार वर्सं झाली, आमी बोलत न्हाय."

चमननं एकेक दोरा अदबीनं कापून फडक्यावर ठेवला. मग कानशीनं रिबिटा घासून पट्टी सोडवली. खाली काळा डाग निघाला आणि आरपार तीन भोकं.

"ही बुजवा की."

"बुजवायला पातं तापवावं लागंल. तापवलं की पोलादाचं पाणी जाईल, धार धरायचं न्हाय."

"लोकं इचारतील."

"इचारतील."

खरं तर भोकांत शिसं ठोकून वरून घासलं असतं, तर साल-दोन साल कुणाच्या ध्यानात आलं नसतं. चमनच्या ते ओठावर आलं होतं. तो बोलला नाही. रुद्राप्पा मान खाली घालून निघून गेला, आणि आपण त्याला अडचणीत घातलं की काय, हे चमनला पुढं महिनाभर खात राहिलं. शेवटी 'नवी कानस बघून येतो' असं बायकोला, खैरुनबीला सांगून तो जत्रेच्या दिवशी एस्टीत बसला.

देवळापुढं गर्दी मावत नव्हती. रुद्राप्पा लाल वस्त्रं नेसून आला, पण नाचला नाही. सरळ थोरल्या भावापुढं जाऊन त्यानं खड्ग दोन्ही हातांनी पुढं केलं. बसलिंगाप्पानं भोकांवरून बोट फिरवलं.

"हे काय रं?"

रुद्राप्पानं सगळं सांगितलं. वाजंत्री थांबली होती, त्यामुळं पार मागच्यांनाही ऐकू गेलं. कुणीतरी शिवी हासडली. बसलिंगाप्पानं मात्र खड्ग कपाळाला लावलं आणि पालखीपुढं झाला. साठीचा माणूस, पाय जड पडत होते, पण खड्ग हातात नीट फिरत होतं. त्यानं धाकट्याकडं वळूनसुद्धा बघितलं नाही. रुद्राप्पा रिकामं म्यान घेऊन त्याच्या मागनं चालत होता.

चमन गर्दीतून बाहेर पडला. पाचची एस्टी गाठायची होती.