फाटकाबाहेरचं खळं

साबण लावून उभा होतो आणि पाणी गेलं.

पाच ताऱ्यांपैकी एक तारा, आणि त्याखाली हे वाक्य. पुढे आणखी:

बाथरूममध्ये गावातली माणसं आंघोळ करत होती. आमच्या तंबूत अनोळखी पोरं बसून चेन उघड-बंद करत होती. शेकोटी आमच्यासाठी होती, पण आम्हालाच बसायला जागा नव्हती. पुन्हा येणार नाही.

दसऱ्याच्या सुट्टीत कॅम्पला आलेल्या पाहुण्याने हे लिहिलं. जयश्रीने वाचलं. परत वाचलं. भांडी घासताना न बघता वाचलं. त्यात खोटं काहीच नव्हतं. खोटं असतं तर उत्तर देता आलं असतं.

*

गावातली माणसं.

म्हणजे शुक्री काकी. म्हणजे भिका, त्याची बायको जयवंती, त्यांची पोरं, पोरांचे मित्र. म्हणजे पाडा. चारोटीहून डहाणूकडे येताना मोठा रस्ता सोडून आत वळलं की आधी पाडा लागतो, मग शुक्री काकीचं शेत, आणि मग तारेचं कुंपण. कुंपणाच्या आत जयश्रीचे तंबू. जमीन बापाची होती, आता तिची आणि उमेशदादाची. डहाणू रोडच्या एका लॉजवर काउंटरला बसून तिने पाहुणा हा प्राणी शिकून घेतला होता. त्याला काय आवडतं, तो कशाने चिडतो, चिडला की कुठे लिहितो.

दोन बाथरूम, छपरावर सोलरचं गरम पाणी, आणि एकच टाकी. पंप चालतो वीज असेल तेव्हा.

पाड्याला त्या गरम पाण्याचं भारी कौतुक. शुक्री काकीचे गुडघे त्या पाण्याखाली धरले की सैल पडायचे. ती टॉवेल घेऊन यायची आणि आतून ओरडून सांगायची, "जये, मी आहे गो!" जणू आणखी कुणी असायला हवं होतं. विचारायचं कशाला? जयश्रीचं ते आपलं.

तिने बोर्ड रंगवला. निळ्यावर पांढरा: फक्त बुकिंग केलेल्यांसाठी.

भिकाने उभं राहून सगळा वाचला. "झकास काढलास. कुणासाठी आहे?"

"तुमच्यासाठी."

भिका इतका हसला की त्याला खोकला आला.

*

उमेश डहाणू रोड स्टेशनावरून इको चालवायचा. वापीचा एक शेठ त्याच्याच गाडीतून जमिनी बघत फिरायचा. ही त्याला आवडली होती. जमीन नावावर तुमचीच, चालवणार मी, असं तो म्हणत होता. करारावर दोघांची सही लागणार होती.

"करून टाकू, जये. तो भिंत घालतो म्हणतोय. पक्की. मग बघू कोण येतंय."

"भिंत घातली की आपणपण बाहेर."

"तुला मॅनेजर ठेवणार आहे तो."

"माझ्या जमिनीवर मला ठेवणार?"

"मग तू अडव ना! काकीला तोंडावर सांग, येऊ नको. आहे हिंमत? बोर्ड रंगवते. काकीला वाचता येतं का?"

जयश्री म्हणाली, "दिवाळीचा कॅम्प होऊ दे. सगळे तंबू भरलेत. पाहुण्यांसाठी तारप्याचा नाच ठेवलाय. त्यात एक जरी तक्रार आली तर मी सही करते."

"एक जरी?"

"एक जरी."

"आणि काकी?"

"तोंडावर सांगते. घरोघरी जाऊन सांगते."

*

पहिलं घर.

"ये गो जये, बस. अगो, चहा टाक!" मी काय म्हणते भिकादादा, शनिवारी कॅम्पवर पाहुणे आहेत, लक्ष्याबाबा तारपा वाजवणार, कार्यक्रम पाहुण्यांचा आहे, त्यांनी आधी बुकिंग केलंय, तर या वेळेला आपल्यातलं कुणी आत यायचं नाही, पाणी पुरत नाही, तंबूत शिरायचं नाही, राग मानू नका. "राग कसला? साखर बरोबर आहे का?"

दुसरं घर. शनिवारी पाहुणे आहेत, लक्ष्याबाबा वाजवणार, यायचं नाही. "चहा घे." आत्ताच घेतला. "तिथे घेतला, इथे नको? आमचा काय गुन्हा?"

तिसरं घर. शनिवारी. लक्ष्याबाबा. नका येऊ. चहा.

त्यापुढच्या घरी ती फक्त शनिवार म्हणाली आणि घरच्या बाईनेच मान डोलवली. कळलंय, कळलंय.

शेवटी शुक्री काकी. काकी खळं सारवत होती. भात कापून झालं की झोडायला लागणारी ती मोकळी गोल जागा, कुंपणाला लागूनच. शेणाने ओली, हिरवट, बोटांच्या लाटा उमटलेली. जयश्री कडेला उकिडवी बसली आणि सगळं पहिल्यापासून नीट सांगितलं, टाकीसकट, साबणवाल्या माणसासकट. काकीने हात न थांबवता ऐकलं.

"शनिवारी ना?"

"हो. नाही यायचं, काकी."

"बरं झालं तू स्वतः आलीस. चहा घेतल्याशिवाय जाऊ नको."

घेतला, दोन कप. परत येताना तिला हलकं वाटलं.

*

शनिवारी, उन्हं कलली तेव्हा, पाडा आला.

सगळा. पुढे लक्ष्याबाबा, खांद्यावर तारपा, दुधीच्या पोटाचा, त्याच्याच उंचीचा. मागे बायका, दिवाळीची नवी लुगडी, केसात झेंडूची फुलं. पोरांचे भांग ओले. मागून भिका, इस्त्रीचा शर्ट. शुक्री काकीच्या खांद्यावर टॉवेल.

जयश्री फाटकाशी धावली आणि कडी लावून उभी राहिली.

"काय आहे हे?"

"काय म्हणजे?" भिका म्हणाला. "उशीर झाला का?"

"मी घरोघरी येऊन सांगितलं होतं!"

"म्हणून तर आलो."

"येऊ नका असं सांगितलं होतं!"

"ते ऐकलं," जयवंती समजुतीने म्हणाली. "पण आलीस ना घरी? नकोच असतं तर कशाला आली असतीस? कुणी नको असलं की माणूस त्याचा उंबरा चढत नाही, गपचूप कार्यक्रम उरकतो. तू तर एकही घर सोडलं नाहीस."

"माझ्याकडे दोन कप घेतले," काकी म्हणाली.

"आम्हाला वाटलं, शिकलेली पोर, लाजते," भिका म्हणाला. "लग्नाला बोलावतानापण म्हणतोच की आपण, तुम्हाला कुठे जमणार, कामं असतील. मग कुणी येत नाही का?"

खरं होतं. या पाड्यात घरी येऊन सांगण्याला एकच अर्थ असतो. ती इथेच वाढलेली. तिला कळायला हवं होतं.

मागे कुंपणाच्या आत पाहुणे खुर्च्यांवरून उठून बघायला लागले होते. उमेश इकोला टेकून उभा होता. तो पुढे आला नाही. हाताची घडी घालून बघत राहिला.

"चूक माझी," जयश्री म्हणाली. "पण कडी काढणार नाही."

पोरं हसली. मोठी माणसं हसली नाहीत.

"काकी, टॉवेल घरी ठेवून ये. बाथरूम मिळणार नाही. आज नाही, उद्यापण नाही. पाहुणे असतील तेव्हा नाहीच. भिकादादा, तुझी पोरं तंबूत दिसली तर तुझ्या दारात येऊन भांडेन. पाणी एकाच टाकीचं आहे. ते ज्यांना कबूल केलंय त्यांचं."

"आणि तारपा?" लक्ष्याबाबाने विचारलं. "मी आत जाऊन वाजवू? एकटा? मग नाचणार कोण, ती आत खुर्चीवर बसलेली जाकीटवाली?"

ती बघत राहिली. फाटकाच्या अलीकडे माणसं, पलीकडे माणसं, आणि नाच येणारी सगळी बाहेरच्या बाजूला. आत आणलं तर टाकी, तंबू, खुर्च्या, पुन्हा तेच. परत पाठवलं तर नाचच नाही.

"आत नाही," ती म्हणाली. "बाहेर. काकी, तुझ्या खळ्यात."

"माझ्या?"

"तुझ्या. पाहुण्यांना मी तिथे आणते."

शुक्री काकीने टॉवेल एका खांद्यावरून दुसऱ्यावर टाकला. "म्हणजे तुझे पाहुणे माझ्या खळ्यात नाचणार, आणि मी तुझ्या बाथरूमला जायचं नाही."

"नाही."

"आणि मी खळं दिलं नाही तर?"

"तर नाच नाही. पाहुण्यांना तसं सांगेन. मग तक्रार येईल, मी सही करेन, शेठ भिंत घालेल. तरी कडी काढणार नाही."

लक्ष्याबाबाने तारपा जमिनीवर टेकवला. "लवकर ठरवा, बायांनो. फुंकायला दम राहू द्या."

काकी जयश्रीकडे बघत होती. नजर रागाची होती, आणि रागाबरोबर आणखी काहीतरी मोजणारी.

"नुकतंच सारवलंय मी," ती शेवटी म्हणाली. "चप्पल, बूट, काही चालणार नाही. तुझा कितीही मोठा साहेब असू दे."

"अनवाणी आणते."

"आणि तिथे मी सांगेन ते."

"तू सांगशील ते."

*

आतल्या बाजूने:

बोरिवलीहून आलेले मोहन साहेब सरकारी खात्यात मोठ्या हुद्द्यावर होते आणि ते त्यांनी तंबू मिळाल्या मिळाल्या सांगून टाकलं होतं. बरोबर बायको सुनंदा, मुलगी श्रुतिका.

"मॅडम, आमचा कार्यक्रम प्रायव्हेट आहे. बुकिंग करताना तसं लिहिलं होतं."

"हो. मी लिहिलं होतं. ते चुकीचं लिहिलं."

"म्हणजे?"

"तंबू तुमचा, जेवण तुमचं, पाणी तुमचं. त्यात दुसरं कुणी येणार नाही, ते माझ्यावर. नाच त्यांचा आहे. तो बघायचा, नाचायचा, तर त्यांच्या खळ्यात जायचं. चप्पल इथे काढून."

"आम्ही चप्पल काढून शेणात जायचं?"

"वाळलंय," श्रुतिका म्हणाली. तिने बूट काढलेच होते.

"मी लिहिणार हं हे," मोहन साहेब म्हणाले. "सगळं लिहिणार."

इकोपाशी उमेशने हाताची घडी सोडली.

जयश्रीने ते बघितलं. "लिहा, साहेब. पण आंघोळ करून घ्या आधी. गरम पाणी आहे. किती वेळ लागला तरी जाणार नाही."

*

खळं:

लक्ष्याबाबाने गाल फुगवले आणि तो आवाज निघाला, पोटातून येणारा, मध्ये श्वासाला न थांबणारा. त्याच्या मागे हातात हात, कमरेला हात, रांग वळली. जयवंतीने सुनंदाचं मनगट पकडून तिला मध्ये घेतलं. "पाय बघू नको, बाई! पाय बघितले की चुकतात!" भिका एका चष्मेवाल्याला म्हणत होता, "उजवा, उजवा, अरे तुझा उजवा कुठला ते तरी ठरव." एक बाई सँडल घालून आली, शुक्री काकीने नुसतं बोट दाखवलं, बाई परत गेली आणि अनवाणी आली. काकी खळ्याच्या कडेने फिरत होती, कोण कसा पाय टाकतो बघत, टॉवेल आता डोक्याला गुंडाळलेला.

पाड्यातली दोन पोरं कुंपणाखालून आत सरकायला लागली. जयश्री वळायच्या आत उमेश तिथे पोचला होता. त्याने दोघांना पायाला धरून बाहेर ओढलं, पार्श्वभागावर एकेक चापट दिली आणि फाटकाशी जाऊन उभा राहिला. पाठ कॅम्पकडे, तोंड पाड्याकडे.

जयश्री त्याच्याजवळ गेली.

"साहेब लिहिणार म्हणतोय," उमेश म्हणाला.

"ऐकलं."

"एक जरी तक्रार, तू म्हणाली होतीस."

"म्हणाले होते. पाण्याची तक्रार आली असती, कुणी तंबूत घुसलं असतं, तर मी बोलले नसते, आत्ता सही केली असती. त्याला माणसांचा त्रास होतोय. ती तक्रार मी धरत नाही."

"म्हणजे शब्द फिरवतेस."

"फिरवते. तुला वाईट वाटलं तर वाटू दे. मी सही करणार नाही, दादा. या वर्षी नाही, पुढच्या वर्षी नाही. पुढच्या वेळेला बुकिंग घेतानाच सांगेन की नाच बाहेर, खळ्यात, अनवाणी. ज्याला नको त्याने येऊ नये."

"आणि काकी? काकी उद्या परत येणार बाथरूमला."

"उद्या परत नाही म्हणेन."

"रोज?"

"रोज."

उमेशने खळ्याकडे पाहिलं. रांगेचं एक टोक मोहन साहेबांपाशी येऊन पोचलं होतं. ते कुंपणाच्या आतच उभे होते, बूट घातलेले, आणि मुलगी बाहेरून ओरडत होती, "पप्पा, काय हो, या ना!" ते आले नाहीत. पण गेलेही नाहीत.

फोन वाजला. उमेशने खिशातून काढून बघितला. वापी. त्याने तो वाजू दिला, मग बहिणीकडे बघितलं, मग फोन तिच्यासमोर धरला.

"मी नाही सांगणार," तो म्हणाला. "तूच सांग. मी फाटक बघतो."

जयश्रीने फोन कानाला लावला. "हॅलो शेठ. उमेशची बहीण बोलतेय. जमीन द्यायची नाही आम्हाला."

तारपा अगदी जवळून गेला. पलीकडून शेठ विचारत होता, काय, काय बेन, आवाज नथी आवतो, बाजूला जाऊन बोला. ती बाजूला गेली नाही. तिने दुसरा कान हाताने बंद केला आणि पुन्हा सांगितलं, मोठ्याने.